चालतं इस्पितळ

या वर्षीचा पहिला बर्फ काल पडला. सकाळी पडदा सारला तर समोरच्या घरातला तरुण फावडं घेऊन बाहेर आलेला. डोक्याला टोपी नाही, जॅकेट उघडं. हैदराबादकडचा असावा. उन्हाळ्यात त्याच्या बायकोला पहिलं मूल झालं, यापलीकडे मला त्याची फारशी माहिती नाही. बर्फ उडवायचं यंत्र घेण्याइतका पगार या मुलांना नक्की असतो, पण पहिल्या बर्फाला प्रत्येकाला आपल्या अंगातली रग दाखवायची असते. मी चहा गाळला आणि खुर्ची खिडकीशी ओढून बसले.

डेट्रॉइटजवळच्या या ट्रॉयमध्ये राहून बर्फाचं कौतुक करणारी माणसं एकतर नवी आलेली असतात, नाहीतर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी. ज्याला स्वतःचा ड्राइव्हवे आहे त्याला बर्फ म्हणजे सकाळीच येऊन बसलेला आगंतुक पाहुणा. माझी लेक गौरी आता टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असते. तिथे बोटभर बर्फ पडला की शाळा बंद करतात. इथे बर्फ पडल्याची बातमी टीव्हीवर दिसली की तिचा फोन येतो. गळ्यात घालायचं एक बटण तिने मागच्या दिवाळीत पाठवलंय. पडलं-झडलं, छातीत दुखलं, की दाबायचं; अँब्युलन्स दारात. मी ते देवघराच्या कप्प्यात ठेवलं आहे. तिला वाटतं आई हट्टी आहे. ती आहेच, पण कारण ते नाही.

बर्फ पडायला लागला की मला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा तो हिवाळा आठवतो. तेव्हा या गल्लीत दर चार घरांआड विक्रीची पाटी लागलेली असायची. गाड्यांच्या कारखान्यांना उतरती कळा लागली होती आणि दर शुक्रवारी कोणीतरी आपल्या टेबलावरच्या फोटोफ्रेम खोक्यात भरून घरी यायचं. मनोहर, माझा नवरा, ब्रेकच्या डिझाइनमध्ये होता. माणूस नागपूरचा, मोकळ्या गळ्याचा. पण त्या हिवाळ्यात तो घरातसुद्धा हळू बोलायला लागला. त्याचा बॉस आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याच्या खिडकीतून आपलं घर दिसतं, हे मनोहर कधी विसरायचा नाही. सर्दी झाली तरी कामावर जायचा आणि गाडीत बसेपर्यंत खोकला दाबून धरायचा. त्या दिवसांत घरात शिजणाऱ्या वरणालासुद्धा भीतीचा वास होता, असं मला आज वाटतं.

शनिवार होता. मनोहर फावडं घेऊन बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन दारातल्या बुटांच्या बाकावर बसला. बूट काढीना, टोपी काढीना. मी विचारलं तर म्हणाला, गॅसेस झालेत, सकाळचे पोहे बाधले. गौरी तेव्हा तिसरी-चौथीत. ती जवळ जाऊन त्याच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, बाबा इज स्वेटिंग."

बाहेर सगळं गोठलेलं आणि त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. डावा हात त्याने कोणा परक्याचा असावा तसा मांडीवर ठेवला होता. मी फोनकडे धावले. अँब्युलन्सचा नंबर फोनच्या वरच लाल कागदावर चिकटवलेला होता. त्याने बाकावरूनच मला थांबवलं.

"अँब्युलन्स नको," तो म्हणाला. "लोकं पाहतील. डॉक्टरकाकांना लाव."

आता हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण त्या काळी इथल्या प्रत्येक मराठी घरात हेच व्हायचं. डॉक्टरकाका आमच्यातले सगळ्यांत आधी आलेले, मूळ पुण्याचे, वयाने वडील. तसे ते हाडांचे डॉक्टर. पण मुलाचा ताप, बाईचे दिवस, भारतातून आलेल्या सासूचं ब्लडप्रेशर, सगळ्याला त्यांचाच नंबर. या देशातल्या इस्पितळांवर आमचा विश्वास नव्हता असं नाही. पण दुखणं ही घरातली गोष्ट, ती आधी घरच्या माणसाला सांगायची, ही सवय आम्ही बॅगेतून लोणच्यासारखी घेऊन आलो होतो. मीही मागचा पुढचा विचार न करता त्यांनाच फोन लावला. काकू म्हणाल्या, ते निघतातच, पण एवढ्या बर्फात तासभर तरी लागेल.

खरं सांगायचं तर अँब्युलन्स मलाही नको होती. मी मिरजेची. मिरज म्हणजे इस्पितळांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे आणि पार कर्नाटकातले पेशंट तिथे यायचे. आमच्या घरावरून पांढरी अँब्युलन्स जायची ती बहुतेक वेळा अगदी सावकाश, घंटा न वाजवता. कारण ती कोणाला तरी गावी परत घेऊन चाललेली असायची. घाई कशाची करायची? ती दिसली की आई हातातलं काम थांबवून नमस्कार करायची आणि आम्हाला अंगणातून आत बोलवायची. अँब्युलन्स माणसाला वाचवायला येते, हे मी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. मनाला ते कधी पटलं नव्हतं.

तर आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. मी त्याच्या छातीला बाम चोळला. ओवा दिला. गौरीला त्याची टोपी काढायला सांगितली. बाहेर अर्ध्या साफ केलेल्या ड्राइव्हवेमध्ये फावडं उभं रोवलेलं होतं.

ते फावडं समोरच्या मादलेनने पाहिलं.

मादलेन आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची. आज तो तरुण राहतो, त्याच घरात. पंचाहत्तरीच्या पुढची, बेल्जियममधून लग्न करून आलेली. डेट्रॉइटकडे बेल्जियन लोकांची बरीच वस्ती होती एके काळी. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी स्वयंपाकघरातला पडदा उघडायची आणि दिवा लावून खिडकीशी बसायची. गल्लीतले लोक तिला चोंबडी म्हणायचे आणि ती होतीच. त्या दिवशी तिला माणूस दिसला, मग नुसतं फावडं दिसलं. थोडा वेळ तिने वाट पाहिली आणि फोन उचलला. मग कोट चढवून, गुडघाभर बर्फातून काठी टेकत आमच्या दारात आली. ती दार वाजवते आहे तोच तिच्यामागे गल्लीच्या तोंडाशी लाल दिवे फिरायला लागले.

मनोहरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरू शकलेले नाही. मीच बोलावली, असं त्याला वाटलं. मादलेनने ते ताडलं असावं, कारण तिने काठी आपटून त्याला सांगितलं की फोन मी केला, रागवायचं तर माझ्यावर रागाव. त्याला स्ट्रेचरवर घातलं. गल्लीत एकेक दार उघडलं. टोकाच्या घराचंही उघडलं.

मी तशीच उंबऱ्यात उभी, अंगावर घरातली साडी, पायांत सपाता. डॉक्टरकाका येतील, त्यांच्याबरोबर मागून जाईन, असं काहीतरी मी बोलत होते. मादलेनने अंगातला कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला.

"मुलीला मी बघते, तू आत चढ," ती म्हणाली. "तिथे कोणी एकटं जाऊ नये."

कोट जड लोकरीचा होता, कापराचा वास येणारा. मी चढले. मनोहरने ड्रायव्हरला एवढंच विचारलं की गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दिवे बंद करता येतील का.

डॉक्टरकाका अखेर इस्पितळातच पोचले, दुपारी, टोपीवर बर्फ घेऊन. मनोहर तोवर यंत्रांच्या तारांत गुरफटून झोपला होता आणि आता धोका टळला असं मला सांगण्यात आलं होतं. काकांनी आधी त्याचे कागद वाचले, मग मला बाजूला घेऊन असं फैलावर घेतलं की माझ्या सख्ख्या बापानेही कधी घेतलं नसेल.

"अगं, मी येऊन काय करणार होतो?" ते म्हणाले. "माझ्या गाडीत एक स्टेथोस्कोप आणि काकूंनी दिलेले लाडू. अजून अर्धा तास गेला असता तर हा नव्हता."

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटायच्या आधी त्यांनी उभं राहून सगळ्यांना बजावलं, छातीत दुखलं तर मला फोन करू नका. लोक हसले. काकू नंतर कुजबुजल्या की त्याच आठवड्यात कोणीतरी छातीत दुखतंय म्हणून त्यांनाच फोन केला.

मी तेव्हा गावातल्या लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायचं अर्धवेळ काम करायचे. मनोहर घरी आल्यावर पहिल्यांदा कामावर गेले आणि उभ्या घोडीवर ठेवलेल्या जाडजूड शब्दकोशात तो शब्द काढला. त्याआधी मादलेनने मला काही सांगितलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. ती म्हणाली होती, आमच्या लहानपणी अँब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे. अँब्युलन्स म्हणजे माझी शाळा.

पहिलं महायुद्ध तिच्या गावापासून तोफांच्या आवाजाइतकं जवळ होतं. सैन्याने शाळा ताब्यात घेतली, दारावर लाल क्रॉस रंगवला, बाकं अंगणात रचली आणि वर्गांत खाटा मांडल्या. त्या जागेला सगळे अँब्युलन्स म्हणायचे. मादलेनची आई तिच्या हाती सूपचं भांडं देऊन तिला तिथे पाठवायची. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या कुठल्यातरी आघाडीवर होता. आई म्हणायची, आपण यांना सूप देऊ, कोणीतरी आपल्या मुलाला देत असेल. तो भाऊ दुसऱ्याच एका गावातल्या अशाच शाळेत वारला. त्याला सूप कोणी दिलं का, शेवटी जवळ कोण होतं, हे घरी कधीच कळलं नाही. हे सांगताना मादलेन रडली नाही. ती एवढंच म्हणाली, की आई मेली तोवर हाच एक प्रश्न विचारत होती.

शब्दकोशाने तिच्या बाजूने साक्ष दिली. फ्रेंच सैन्याच्या मागोमाग चालणारं इस्पितळ ते हे. चालतं इस्पितळ. पुढे इस्पितळ गळून गेलं आणि नुसतं चालतं एवढंच उरलं. मी एकामागून एक पुस्तकं उघडत गेले, परत लावायच्या पुस्तकांची ढकलगाडी तशीच सोडून. लढाईत माणसं एकमेकांचे गळे कापतात आणि शब्द मात्र एकमेकांचे उचलतात. इंग्रजांनी हा उचलला आणि इस्पितळाऐवजी जखमींना वाहून नेणाऱ्या गाडीलाच तो चिकटवला. जर्मनांनी घेतला, व्हिएन्नात तर त्या नावाच्या ठिकाणी पेशंट आपल्या पायांनी जातो, तपासून घेतो आणि घरी येतो. इटालियन, स्पॅनिश लोकांनी आपापल्या वळणाची शेपटी लावून घेतला. मनोहरच्या वॉर्डात एक पोलिश नर्स होती. ती म्हणाली, आमच्या आजोळी अँब्युलन्स म्हणजे आगगाडीला जोडलेला टपालाचा डबा. तिच्यासाठी त्या शब्दातून मामाची पत्रं यायची. इंग्रजांबरोबर हा शब्द बोटीत बसला आणि मिरजेत येऊन आमच्या अंगणापुढून सावकाश जाऊ लागला. आपण त्याला रुग्णवाहिका असं छान नाव पाटीवर लिहून ठेवलं, आणि भ्यायचं ते अँब्युलन्सलाच भीत राहिलो.

एक गोष्ट मात्र त्या पुस्तकांतली माझ्या मनाला लागली. आधीच्या काळात म्हणे, लढाई संपेपर्यंत जखमी जिथे पडले तिथेच पडून असायचे. सगळं आटोपलं की मग गोळा करायचे, तोवर जे उरतील ते. फ्रेंच सैन्यातल्या कोणा डॉक्टरला हे बघवेना. त्याने हलक्या घोडागाड्या केल्या आणि लढाई चालू असतानाच त्या आत घातल्या. मनोहरचं तरी दुसरं काय म्हणणं होतं? लढाई संपू दे, मग बघू. नोकरी एकदा पक्की होऊ दे, मग छातीचं बघू.

एप्रिलमध्ये त्याची नोकरी गेली. बर्फ वितळून अंगणात नुसता चिखल झाला होता. बॉसने इस्पितळात फुलं पाठवली होती, घरी येऊन तब्येतही विचारून गेला होता. मनोहरने त्याचा अर्थ पक्का केला: अँब्युलन्स दिसली नसती तर काढायच्या लोकांत माझं नाव आलं नसतं. त्याच आठवड्यात धडधाकट हृदयाची कितीतरी माणसं खोकी घेऊन घरी आली होती. मी ते सांगून पाहिलं. त्याला कोणावर तरी राग धरायचा होता आणि कंपनीवर राग धरून उपयोग नव्हता. मादलेन समोर होती. तिने हात केला की हा गाडीच्या टायरकडे बघायचा. मोकळ्या गळ्याचा माणूस, त्याने त्या म्हातारीशी साधं हॅलो बंद केलं.

त्या उन्हाळ्यात एकदा मी भाजी निवडत असताना तो मागून येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी गेलो असतो तर निदान नोकरीत असताना गेलो असतो," तो म्हणाला. "विमा तरी मिळाला असता तुम्हा दोघींना."

मी मेथीच्या काड्या आणि पानं एकत्र करून टाकली. मला त्याचा इतका राग आला होता, आणि मी इतकी घाबरले होते, की दोन्ही एकाच वेळी तोंडातून बाहेर पडणं शक्य नव्हतं. माझ्या शेजारी जिवंत माणूस झोपत होता आणि तो जिवंत असल्याबद्दल मला दोषी धरत होता, किंवा स्वतःला. सबंध वर्ष मी हे ओझं वागवलं. कोट परत करायला गेले तेव्हा मादलेनने तो घेतला नाही. म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे, कोटाशिवाय बाहेर पडणारी तू. तिने मनोहरबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी तो दाराजवळच्या खुंटीवर अडकवला. मनोहर आपली टोपी दुसऱ्या खुंटीवर ठेवायला लागला.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याला एका लहान कंपनीत काम मिळालं होतं, पहिल्यापेक्षा हलकं. फावडं आता मी मारायचे. एका सकाळी मी बूट चढवत होते आणि तो खिडकीशी कॉफी घेऊन उभा होता. जिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं तिकडेच बघत.

"तिचा पडदा उघडला नाही अजून," तो म्हणाला.

मी म्हटलं, झोपली असेल. त्याने मान हलवली. म्हणाला, रोज मी उठायच्या आत तिचा दिवा लागलेला असतो. म्हणजे वर्षभर हा माणूस रोज उठून आधी तो दिवा बघत होता. मी काही बोलायच्या आत त्याने फोन उचलला होता. डॉक्टरकाकांना नाही. लाल कागदावरचा नंबर त्याने फिरवला आणि पत्ता सांगितला, खणखणीत, नागपुरी आवाजात, जो मी वर्षभर ऐकला नव्हता.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. शुद्धीवर होती, पण बोलता येत नव्हतं. तिला स्ट्रेचरवर बाहेर आणलं तेव्हा मनोहर रस्त्याच्या मधोमध उभा होता. सगळी दारं उघडली. टोकाचंही उघडलं, आणि त्याचा जुना बॉस झोपेच्या कपड्यांत पायरीवर आला. गाडीतल्या माणसाने विचारलं, घरचं कोणी आहे का.

"मी आहे घरचा," मनोहर म्हणाला, आणि लोखंडी पायरीवर पाय ठेवून आत चढला. दिवे बंद करा असं त्या दिवशी तो कोणाला म्हणाला नाही.

संध्याकाळच्या आत तो परत आला. चालत आला. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं होतंच, पण ते एवढं नव्हे. भुवयांवर बर्फ साचला होता. मी दार उघडलं तर बाकावर बसला, त्याच बाकावर, आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिला. मग म्हणाला, की जाताना तिने हात सोडला तेव्हाच मी सोडला, आधी नाही. आणि मग माझा नवरा हमसाहमशी रडला. तो मादलेनसाठी रडत होता, की नोकरीसाठी, की त्या वर्षभरासाठी, ते मी विचारलं नाही. मी त्याचे बूट काढले.

त्यानंतर तो खूप वर्षं जगला. चांगला जगला. विम्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. शेवटी तो गेला तेव्हा अँब्युलन्समध्ये मी त्याच्या शेजारी होते, तोच कोट अंगात घालून. दिवे चालू होते.

म्हणून गौरीचं बटण मला नको असतं. ते दाबलं की गाडी येईल हे मला ठाऊक आहे. चांगली मुलं असतात त्यांत, हळू आवाजात नाव विचारतात. पण घरचं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? लेक फ्रिस्कोला. डॉक्टरकाका जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ज्यांना एकमेकांचे नंबर पाठ होते ती सगळी घरं आता मुलांकडे, नाहीतर वृद्धाश्रमात, नाहीतर देवाघरी. मादलेनची आई जो प्रश्न विचारत मेली तो आता माझ्याकडे आला आहे. अँब्युलन्स हा शब्द एवढे देश चालून आला, प्रत्येक गावाने त्यात आपलं काही भरलं. त्यात शेजारी बसायला माणूस मात्र ज्याचा त्याने आणायचा असतो.

काल खिडकीशी बसले असताना हे सगळं मनात चाललं होतं. चहा संपवून वर पाहिलं तर समोरच्या ड्राइव्हवेमध्ये फावडं उभं रोवलेलं होतं आणि तरुण दिसत नव्हता. अर्धा रस्ता साफ, अर्धा तसाच. दार बंद. बायको तान्ह्या बाळाला घेऊन आत असणार.

मी कोट घातला. अस्तर विरलं आहे, पण ऊब आहे. बूट घालताना भिंत धरावी लागली. एका हातात फोन घेतला, दुसऱ्यात काठी. दार उघडून पायरीवर आले तोच त्याचं दार उघडलं. तो वाफाळता कप घेऊन बाहेर आला आणि मला पाहून त्याने हात उंचावला.

"आंटी, एव्हरीथिंग ओके?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो बाबा, सगळं ठीक, टोपी घाल तेवढी. तो हसला आणि खरंच आत जाऊन टोपी घालून आला. मी घरात येऊन पुन्हा खिडकीशी बसले. त्याचा सगळा ड्राइव्हवे साफ होऊन तो आत जाईपर्यंत मी कोट काढला नाही.